पान्हा आणि पाठचे भावंड

दशवैकालिक सूत्राच्या पाचव्या अध्ययनात मुनीने भिक्षा कोणाकडून घ्यावी आणि कोणाकडून घेऊ नये याचा अतिशय बारकाईने विचार केलेला आहे. त्यात एक प्रसंग येतो. आई बाळाला अंगावर पाजत बसली आहे. दारी मुनी आलेले पाहून ती रडणाऱ्या बाळाला खाली ठेवते आणि आहार-पाणी देण्यासाठी उठते. असा आहार मुनीने स्वीकारू नये, असा तेथे नियम आहे. सुपात्रदानाला श्रावकाच्या जीवनात किती मोठे स्थान आहे, हे वाचकांना सांगावयास नको. तरीही तान्ह्याच्या तोंडचा पान्हा तोडून दिलेले दान शास्त्राने ग्राह्य मानलेले नाही.

आगमकथांत दुसरेही एक चित्र दिसते. ज्ञाताधर्मकथेत श्रेणिक राजाच्या मेघकुमाराचे संगोपन पाच धायींच्या हाती असल्याचे वर्णन आहे. एक न्हाऊ घालणारी, एक नटविणारी, एक खेळविणारी, एक मांडीवर घेणारी आणि त्यांतली मुख्य ती क्षीरधात्री, म्हणजे दूध पाजणारी. राजघराण्यांत आणि श्रेष्ठींच्या घरी हे वैभवाचे लक्षण समजले जाई. परंतु या वैभवाचा एक परिणाम कथाकारांच्या नजरेआड राहिला. ज्या मातेच्या अंगावर तिचे मूल पीत नाही, तिचे शरीर काही आठवड्यांतच पुन्हा गर्भधारणेस सिद्ध होते. आणि जी धाय दूध पाजते, तिच्या स्वतःच्या पुढील बाळंतपणास आपोआप विलंब लागतो. युरोपातील उमराव घराण्यांतही तान्हे मूल दाईच्या हवाली करण्याची चाल होती, आणि त्या घरांतील स्त्रियांना पाठीवर पाठ मुले होत. एकाच वाड्यातील दोन स्त्रियांच्या शरीरांत हा जो फरक पडे, तो अन्नाचा किंवा ऐश्वर्याचा नव्हता, बाळ कोणाच्या अंगावर पिते एवढाच होता.

हे कसे घडते, ते समजून घेण्यासारखे आहे. बाळ स्तनाग्र ओढते तेव्हा तेथील मज्जातंतूंमार्फत मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागास संदेश जातो. त्या संदेशाने दोन गोष्टी होतात. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढून दूध तयार होऊ लागते. आणि अंडाशयाला जागे करणारे जे संकेत मेंदू ठरावीक लयीने पाठवीत असतो, त्यांची लय बिघडते. परिणामी बीज पक्व होत नाही आणि पाळी येत नाही. येथे दुधाच्या प्रमाणाला फारसे महत्त्व नाही. बाळ दिवसातून किती वेळा आणि किती अंतराने ओढते, यावर सारे अवलंबून आहे. आफ्रिकेतील कलाहारी वाळवंटात राहणाऱ्या कुंग जमातीच्या मातांचा अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला. त्यांची बाळे दिवसा तासातून अनेक वेळा, पण दोन-दोन मिनिटेच पीत असत. कोणतेही साधन न वापरता त्यांच्या दोन बाळंतपणांत सुमारे ४४ महिन्यांचे अंतर पडत होते.

आपल्याकडील जाणत्या बायका हे फार पूर्वीपासून सांगत आल्या आहेत. 'अंगावर पीत आहे तोवर दिवस राहत नाहीत' हे वाक्य ऐकले नाही अशी सून विरळाच. हे वाक्य खोटे नाही. अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. आठ-नऊ महिन्यांचे मूल कडेवर असताना, पाळी एकदाही आलेली नसताना एखादी सून मळमळते म्हणून दवाखान्यात जाते आणि तिसरा महिना चालू असल्याचे कळून घरी परतते, अशी उदाहरणे प्रत्येक नात्यागोत्यात सापडतील. बाळंतपणानंतरचे पहिले बीज पाळी दिसण्यापूर्वीच सुटू शकते, हे त्या अर्ध्या सत्यात सांगितलेले नसते. पाळी ही बीज सुटून गेल्यानंतरची खूण आहे. तिची वाट पाहत बसणाऱ्यास ती उशिराच कळते.

उरलेले अर्धे सत्य शास्त्रज्ञांनी १९८८ साली इटलीतील बेलाजिओ येथे एकत्र बसून नेमक्या शब्दांत मांडले. तीन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतील तरच अंगावरचे दूध हे गर्भधारणेविरुद्ध कवच ठरते. बाळ सहा महिन्यांच्या आतील असावे. ते पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे आईच्या दुधावर असावे. आणि आईची पाळी परत आलेली नसावी. या तिन्ही अटी पाळल्या गेल्यास गर्भ न राहण्याची खात्री ९८ टक्क्यांहून अधिक आहे, म्हणजे अनेक आधुनिक साधनांच्या तोडीची. दिवसा दोन वेळच्या पाजण्यात चार तासांहून आणि रात्री सहा तासांहून अधिक खंड पडू नये, हेही त्यासोबत सांगितले जाते. तिन्हींपैकी एक अट ढळली की त्या दिवसापासून कवच गेले असे समजावे. उष्टावणाचा समारंभ थाटाने होतो, चांदीच्या वाटीतली खीर बाळाच्या ओठांना लागते. त्याच दिवशी आईच्या शरीरातही एक पर्व संपलेले असते, याची आठवण मात्र त्या गडबडीत कोणालाच नसते.

या विषयाचे गांभीर्य पाहावयाचे असेल तर चंद्रपूर शहराच्या पूर्वेस, वैनगंगेपलीकडे गेले पाहिजे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. दोन्ही मिळून हा झाडीचा मुलूख. भाताची बांधी, मोह, तेंदू, बांबू आणि दूरवर पसरलेली गोंड व माडिया वस्ती. येथल्या बाजारपेठांत, वडसा-देसाईगंज, मूल, सिंदेवाही, नागभीड येथे जैन व्यापारी कुटुंबे धान्य, कापड, किराणा व औषधांच्या व्यवसायात स्थिरावली आहेत, आणि भद्रावतीच्या केसरिया पार्श्वनाथाच्या दर्शनास ती वर्षातून एकदा तरी जातातच. त्यांच्या दुकानाच्या ओट्यावर येणारी गिऱ्हाईके बहुतांशी याच जंगलातून येतात.

१९८६ साली डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन गडचिरोलीत कामास लागले. त्यांची 'सर्च' ही संस्था आणि धानोरा मार्गावरील शोधग्राम आज सर्वपरिचित आहे. राणीताईंनी प्रथम दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आढळले, आणि जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाल्यावर जगभर खळबळ उडाली. तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया एवढेच मानले जाई. दोन बाळंतपणांच्या मधल्या काळात तिच्या शरीरात काय चालते, हे तिला कोणी विचारलेच नव्हते. राणीताईंनी विचारले, आणि सांगण्यासारखे किती साठले आहे हे दिसून आले.

दुसरे काम बाळांचे. १९९५ पासून ३९ गावांत, गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार करण्यात आले. बहुतेक बाळंतपणे त्या वेळी घरीच होत. आरोग्यदूत बाळंतिणीच्या घरी जाई, बाळाचे वजन करी, त्याला उबेत ठेवावयास शिकवी, लवकरात लवकर अंगावर घ्यावयास लावी, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच औषधोपचार करी. पहिल्या महिन्यातच दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण दर हजारी ६२ होते. कामाच्या तिसऱ्या वर्षी ते सुमारे २५ वर आले. १९९९ च्या डिसेंबरमध्ये हे निष्कर्ष पुन्हा 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध झाले. पुढे २०११ साली भारत सरकारने ही पद्धत देशभरातील आशा सेविकांच्या कामात समाविष्ट केली.

या यशाची एक बाजू फारशी बोलली जात नाही. तान्हे मूल दगावले की दूध पाजणे त्याच दिवशी थांबते. पाजणे थांबले की मेंदूचे संकेत पुन्हा लयीवर येतात, आणि दोन-तीन महिन्यांत ती शोकाकुल माता पुन्हा गरोदर राहू शकते. रक्त भरून आलेले नसते, हाडामांसात काही साठलेले नसते. अशा शरीरात वाढणारे दुसरे बाळ कमी वजनाचे निपजण्याची आणि तेही दगावण्याची भीती अधिक. एक मृत्यू दुसऱ्या मृत्यूची वाट अशी मोकळी करून ठेवतो. ज्या गावात बाळे जगू लागतात, त्या गावात ती अधिक काळ अंगावर पितात, आणि मातेला पुढच्या बाळंतपणापूर्वी उसंत मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये तज्ज्ञांचा सल्ला घेऊन सुचविलेले अंतर असे आहे, की एका बाळाच्या जन्मानंतर किमान २४ महिन्यांनी पुढचा गर्भ राहावा. झाडीतल्या पुष्कळ बायाबापड्यांना हे अंतर अंगावरच्या दुधानेच मिळवून द्यावे लागते. दुसरे साधन हाताशी असतेच असे नाही.

परंतु झाडीतल्या ऋतुचक्राचा मेळ बाळाच्या भुकेशी बसतोच असे नाही. चैत्राच्या सुमारास मोहफुले वेचावयास पहाटे अंधारात निघावे लागते. वैशाखात तेंदूपानांचा हंगाम. पाने तोडा, आणा, पुडके बांधा, फळीवर नेऊन मोजून द्या. पाऊस पडला की रोवणी, दिवसभर कंबरेत वाकून. मजुरी या दिवसांतच मिळते. तान्हे मूल आजीजवळ किंवा मोठ्या बहिणीजवळ राहते, आणि पहाटे पाजून गेलेली आई दुपार कलल्यावर परतते. ज्या कवचासाठी चार तासांहून अधिक खंड चालत नाही, तेथे आठ-आठ तासांचा खंड पडतो. दूध आटते, बाळाला पेज किंवा पाणी लागते, आणि पाळीची चाहूल न देता गर्भ राहतो. सरकारने आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे गरम चौरस जेवण देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ पासून सुरू केली. तिचा लाभ झालाच आहे. पण जेवणाने आईचे अंग भरते, पाजण्यातला खंड भरत नाही.

आणि मग त्या पहिल्या मुलाचे काय होते? आई गरोदर असल्याचे कळताच त्याला अंगावरून तोडण्यात येते. पोटातल्या बाळाचे दूध हे पीत आहे, ते त्याला बाधेल, अशी समजूत गरिबांत आहे आणि श्रीमंतांतही आहे. अठरा महिन्यांचे मूल, नुकते चालू लागलेले, अचानक भातावर आणि पेजेवर येते. सिसिली विल्यम्स या डॉक्टर विदुषीने १९३०च्या दशकात आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, आजच्या घाना देशात, अंग सुजलेली, केस पिंगट झालेली अशी मुले पाहिली. त्या रोगाला तेथील बायका 'क्वाशिओरकोर' म्हणत. पाठचे बाळ आल्यावर मोठ्याला होणारा आजार, असा त्या शब्दाचा अर्थ. विल्यम्सबाईंनी तोच शब्द वैद्यकशास्त्राला दिला, आणि कुपोषणावरील प्रत्येक पाठ्यपुस्तकात तो आजही आहे. रोगाचे नाव ठेवण्यात त्या अशिक्षित बायका डॉक्टरांच्या पुढे होत्या. रोग कोठून येतो ते त्यांनी नावातच सांगून ठेवले होते.

याच विल्यम्सबाईंची दुसरी कथा व्यापारी वाचकांनी अवश्य जाणून घ्यावी अशी आहे. पुढे त्यांची बदली सिंगापूरला झाली. तेथे गोड आटविलेल्या दुधाचे डबे तान्ह्या मुलांसाठी उत्तम म्हणून विकले जात, आणि ते पिणारी बाळे त्यांच्यासमोर मरत. १९३९ साली तेथील रोटरी क्लबने त्यांना भाषणास बोलाविले. समोर शहरातले प्रतिष्ठित व्यापारी आणि कंपन्यांचे अधिकारी बसलेले. बाईंनी भाषणाला नाव दिले 'दूध आणि खून', आणि दिशाभूल करणाऱ्या प्रचाराने होणाऱ्या बालमृत्यूंची गणना खुनातच केली पाहिजे, असे त्या सभेत त्यांनी निर्भीडपणे सांगितले.

आपल्या देशात या बाबतीत १९९२ चा कायदा आहे, आणि २००३ साली तो अधिक कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या दुधाची भुकटी, त्यांचे डबाबंद अन्न आणि दूध पाजण्याच्या बाटल्या यांची जाहिरात करणे, नमुने किंवा भेटी वाटणे, खरेदीवर काही आमिष देणे, हे सर्व या कायद्याने गुन्हा ठरते. विक्रीस बंदी नाही. काही बाळांना वैद्यकीय कारणाने डबा लागतो, आणि तो दुकानात असावाच. परंतु कंपनीच्या माणसाने आणून दिलेला रंगीत फलक गल्ल्यामागे टांगणे किंवा 'दोन डब्यांवर एक बाटली मोफत' म्हणणे कायद्याबाहेरचे आहे, हे किराणा व औषध व्यवसायातील पुष्कळांना ठाऊक नसते. विकणाऱ्याच्या एका शब्दाचे वजन केवढे असते, हे व्यापाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाला कळणार? जंगलातून आलेला बाप गाठीचे पैसे सोडून विचारतो, शेटजी, बाळासाठी चांगले काय? डबा उधारीवर घेणारे घर तो पाण्याने पातळ करून आठवड्याऐवजी महिनाभर पुरविते. त्या पातळ दुधाने बाळ खंगते, आणि अंगावरचे पिणे कमी झाल्याने आईचे कवच जाते. एका डब्यातून दोन संकटे घरात शिरतात.

हे दूरच्या खेड्याचे झाले. शहरातल्या सुखवस्तू घरांत वेगळे काही घडते असे मानण्याचे कारण नाही. शस्त्रक्रियेने झालेले बाळंतपण, 'आईला झोप हवी' म्हणून रात्री बाळ आजीच्या खोलीत आणि उशाशी बाटली, असे दृश्य चंद्रपूर-नागपूरच्या कितीतरी घरांत दिसेल. आजीचा हेतू प्रेमाचाच असतो. पण प्रोलॅक्टिन रात्रीच अधिक स्रवते. रात्रीचे पाजणे टळले की दूध आणि कवच ही दोन्ही सर्वांत आधी ढासळतात. मेघकुमाराच्या क्षीरधात्रीची जागा येथे बाटलीने घेतलेली असते. देशातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेल्या बाळांचे प्रमाण अवघे ४१.८ टक्के आढळले, आणि सहा महिन्यांखालील केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांचे ६३.७ टक्के. दवाखान्यात बाळंतपणे होऊ लागली म्हणून पहिल्या तासाचे पाजणे आपोआप होऊ लागले असे नाही.

चंद्रपूरच्या उन्हाळ्याचाही येथे विचार करावा लागतो. पारा ४५ अंशांच्या वर चढलेला, कूलर घरघरत आहे आणि तान्हे बाळ ओठ चाटते आहे. कोणत्या आजीचा जीव राहील? ती उकळून गाळलेले पाणी चमच्याने देते. जैन घरातील पाणी कितीही शुद्ध असले तरी सहा महिन्यांपर्यंत बाळाला ते नको. आईच्या दुधात मुख्यतः पाणीच असते, आणि कडक उन्हाळ्यातही बाळाची तहान त्याने पूर्ण भागते. फक्त ते अधिक वेळा पाजावे लागते. चमचाभर पाण्याने पोट भरलेले बाळ तेवढ्या वेळा कमी ओढते, आणि मग वर सांगितलेली दुसरी अट ढळू लागते. साखरपाणी, गूळपाणी, घुटी यांचेही तेच. मधाच्या बाबतीत मात्र आपल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या एक मोठा अपाय टाळला आहे. मध अभक्ष्य मानल्यामुळे नवजाताच्या जिभेला तो लागत नाही, आणि वर्षाखालील बाळास मध देणे घातक ठरू शकते, असे आधुनिक वैद्यकही सांगते.

आईच्या आहाराविषयी दोन शब्द. शेजारणी लसूण सुचवितात. कंदमुळे वर्ज्य असलेल्या घरांत त्यावाचून काही अडत नाही. डिंकाचे लाडू, अळीव, मेथी, बाळंतशोप, सुंठ हे सारे आपल्या स्वयंपाकघरात आहेच, आणि त्याने बाळंतिणीचे अंग धरते. दूध मात्र लाडवाने येत नाही, बाळाच्या ओढण्याने येते. चौविहाराचा प्रश्न अधिक नाजूक आहे. रात्री तीन-चार वेळा पाजणारी आई सूर्यास्तापासून पाण्यावाचून राहिली, तर उन्हाळ्यात तिची काय अवस्था होईल? प्रत्याख्यान यथाशक्ती करावयाचे असते, आणि बाळंतपण हा शक्तीच्या मर्यादेचाच काळ. अठ्ठाई असो की वर्षीतप, अंगावर पिणारे बाळ असताना त्याचा निर्णय गुरुजनांसमोर मोकळेपणाने मांडून घ्यावा. मुनीलाही जेथे रडणाऱ्या तान्ह्याला डावलून आहार कल्पत नाही, तेथे त्या तान्ह्याच्या आईच्या पाण्याचा विचार कोणी अनुदारपणे करील असे वाटत नाही.

आता जे बोलावयास संकोच वाटतो त्याकडे वळणे भाग आहे. अवचित राहिलेला गर्भ जैन घरात जो पेच उभा करतो, तो इतरांहून अधिक तीव्र असतो. गर्भपात म्हणजे पंचेंद्रिय जीवाची हिंसा, ही श्रद्धा खोल रुजलेली आहे. दुसऱ्या बाजूस आठ महिन्यांचे मूल, शस्त्रक्रियेची ओली जखम वाटावी असे शरीर, आणि डॉक्टरांची चिंता. अशा वेळी त्या सुनेला रात्ररात्र डोळा लागत नाही, आणि काही घरांत जे केले जाते ते कोणी कोणाला सांगत नाही. हा सारा क्लेश टाळण्याचा मार्ग दिवस राहण्यापूर्वीच असतो, नंतर नाही. सव्वा महिना उलटताच पतिपत्नींनी याविषयी बोलले पाहिजे. स्वदारसंतोष व्रतात पर्वतिथींचा संयम आपल्या परंपरेने शिकविलाच आहे. बाळ लहान असेतोवर पतीने संयमाचा वाटा अधिक उचलावा, ही अपेक्षा परंपरेला धरूनच आहे.

केवळ संयमावर भिस्त ठेवणे प्रत्येकास शक्य नसते, म्हणून साधनांची माहितीही असावी. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत, किंवा सहा आठवड्यांनंतर बसविता येते, आणि तिचा दुधावर परिणाम होत नाही. 'अंतरा' हे तीन महिन्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन अंगावर पाजणाऱ्या मातेस सहा आठवड्यांनंतर देतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली 'छाया' ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा घ्यावयाची असते. तीत संप्रेरके नाहीत. नेहमीच्या मिश्र संप्रेरकांच्या गोळ्या मात्र पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईने टाळाव्यात. येथे एक भेद श्रद्धाळू दांपत्यांनी लक्षात घ्यावा. निरोध शुक्रजंतूला आत जाऊ देत नाही आणि अंतरा बीजच सुटू देत नाही. छायेचे कार्य मात्र मुख्यतः गर्भाशयाच्या अस्तरावर होते, बीज सुटणे ती सहसा थांबवीत नाही. ज्यांच्या मनाला हा फरक महत्त्वाचा वाटतो, त्यांनी निःसंकोचपणे डॉक्टरांना तसे सांगून साधन निवडावे. डॉक्टर हसतील या भीतीने अनेक जण हा प्रश्न विचारीतच नाहीत.

आणि तरीही पाठचे भावंड लवकर आलेच, तर पहिल्याला लगेच तोडू नये. गरोदरपणात आईचे दूध विषारी होत नाही. गर्भारपण निर्धोक असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पाजणे चालू ठेवता येते. दूध कमी होते, चव बदलते, तेव्हा मोठ्याच्या ताटात वरण, तूप, दूध, सुकामेवा वाढवावा आणि आईच्याही.

पेढीवर किंवा दुकानात स्त्री कर्मचारी असणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. २०१७ च्या दुरुस्तीनुसार दहा किंवा अधिक माणसे कामास असलेल्या आस्थापनेत पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची सवेतन रजा आहे. हा कालावधी आणि केवळ अंगावरच्या दुधाचे सहा महिने जवळजवळ एकच आहेत. रजेनंतर मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी कामाच्या दिवसात दोन वेळा सुट्टी देणेही त्याच कायद्यात आहे. राइस मिलच्या आवारात धान पाखडणाऱ्या बायका सहसा या आकड्यांत बसत नाहीत. त्या रोजंदार असतात, हजेरीपत्रकात त्यांचे नाव आज असते, उद्या नसते. त्यांच्यापर्यंत हा कायदा प्रत्यक्षात सहसा पोहोचत नाही. पाजण्यासाठी अर्धा तास सुटी दिली तर हजेरीतून किती कापावयाचे, हे तोच ठरवितो.

बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर आशा सेविका तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. पुढे तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांनीही तिच्या भेटी ठरलेल्या आहेत. मोठ्या घरांत तिला बहुधा दारातूनच 'आमचे डॉक्टर आहेत' असे सांगून परत पाठविले जाते. बेचाळिसावा दिवस सव्वा महिन्याच्या आसपास येतो. घरी बाळंतिणीच्या न्हाणाची, देवदर्शनाची तयारी चालू असते, पाहुणे आलेले असतात. त्या दिवशी तिला आत बोलवावे, सासूने स्वतः शेजारी बसावे, आणि सुनेला जे विचारता येत नाही ते तिने विचारावे: पाळी आली नाही तरी दिवस राहू शकतात का, आणि किती महिन्यांपासून.